साहेबांच्या कॉलेजातली जागा आणि प्रबंधातलं चौथं प्रकरण

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

मी ३४ वर्षांची आहे. राज्यशास्त्रात एम.ए., सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झालेली. तालुक्याच्या कॉलेजात सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते. पीएच.डी. शेवटच्या टप्प्यात आहे. विषय आहे ग्रामीण नेतृत्व आणि मतदारांचा विश्वास, आणि अभ्यास माझ्याच तालुक्यातल्या ज्येष्ठ नेत्यांचा. त्यांना सगळे साहेबच म्हणतात. कारखाना त्यांचा, बँक त्यांची, मी शिकवते ती संस्थाही त्यांचीच. माझ्या वडिलांचा ऊस त्याच कारखान्याला जातो. प्रश्नावलीत ३०० पैकी बहुतेकांनी ‘खूप विश्वास’वर खूण केली. नंतर ४१ जणांशी निवांत बोलले तेव्हा चित्र बदललं. एक आजोबा म्हणाले, ‘विश्वास न ठेवून जायचं कुठं?’ चौथं प्रकरण त्या बोलण्यांवर उभं आहे. आता संस्थेत कायम जागा निघाली आहे. साहेबांनी बोलावून सांगितलं, ‘बाई, प्रबंध झाला की पुस्तक करू. वाढदिवसाला प्रकाशन.’ मार्गदर्शक सर म्हणतात, चौथं प्रकरण जरा सौम्य करा, आधी कायम व्हा, मग काय लिहायचं ते लिहा. मिस्टर काही बोलत नाहीत, फक्त घराच्या हप्त्याची तारीख सांगतात. पुण्यात एका संशोधन प्रकल्पावर दीड वर्षाचं काम मिळू शकतं, त्यापुढचं काही नाही. विश्वासाचा अभ्यास करता करता मीच कुणाचा तरी विश्वासघात करणार आहे. कुणाचा, एवढंच ठरायचं राहिलंय. काय करू?

उत्तर

आधी एक कोरडी गोष्ट, कारण तुमच्या पत्रात ती कुठेच आलेली नाही. कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाच्या जागेला पीएच.डी. लागत नाही. विद्यापीठांच्या विभागांसाठी ती सक्तीची व्हायची होती, तीही सक्ती यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, जुलै २०२३ मध्ये मागे घेतली. नेट किंवा सेट पुरते, आणि तुम्ही सेट आहात. प्रबंध लागेल तो पुढे, सहयोगी प्राध्यापक होताना. मुलाखतीच्या दिवशी तो टेबलावर असायची गरज नाही.

मग ‘नोकरी की चौथं प्रकरण’ हा तराजू आला कुठून? तुमचं पत्र मी पुन्हा चाळलं. साहेबांनी प्रबंधातला एक शब्दही बदलायला सांगितलेला नाही. ते पुस्तक म्हणाले, वाढदिवस म्हणाले. सौम्य करा, हे सर म्हणाले. आणि सरांच्या आधी, रागावू नका, तुम्ही स्वतःशी म्हणाला असाल. साहेबांनी न मागताच तुमच्या घरात त्यांच्यासाठी चौथ्या प्रकरणाची काटछाट सुरू झाली. चौथ्या प्रकरणात तुम्ही ४१ जणांबद्दल हेच तर लिहिलंय. ४२ वी मुलाखत तुमची आहे, ती तेवढी घ्यायची राहिली.

हे टोमणा म्हणून लिहीत नाही. तुमच्या प्रबंधातली सगळ्यात मोलाची सामग्री इथे आहे असं मला वाटतं, म्हणून यावर थोडा रेंगाळतो.

आपल्या विषयात विश्वास मोजायची पद्धत ठरलेली आहे. अमेरिकेत १९५८ पासून निवडणूक अभ्यासांत एक प्रश्न विचारला जातो: वॉशिंग्टनमधलं सरकार योग्य तेच करेल असा भरवसा तुम्हाला कितपत वाटतो? आपल्याकडे लोकनीती या संशोधनगटाच्या पाहण्यांतही ‘खूप, थोडा, फारसा नाही, अजिबात नाही’ अशा पायऱ्या असतात. त्यांचा उपयोग आहे. आपल्या देशात लष्करावर सर्वाधिक आणि राजकीय पक्षांवर सर्वात कमी विश्वास दिसतो, हे अशाच पायऱ्यांवरून कळलं. पण ती प्रश्नावली घेऊन तुम्ही तुमच्या तालुक्यात गेलात, आणि फॉर्म भरून आणले तुमच्याच टीवायच्या (पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या) मुलांनी, साहेबांच्या वडिलांच्या नावाच्या कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात घालून. सोप्यात बसलेल्या माणसानं कोणत्या चौकटीत खूण करायची?

मी हे केलंय. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. एका गावात पाहणीला गेलो. सरपंचांनी एक माणूस सोबत दिला, घरं दाखवायला म्हणून. प्रत्येक घरी चहा. त्या माणसाला पाहून बायका पदर सावरायच्या, पुरुष खाटेवरून उठून उभे राहायचे. ‘नेतृत्वावर विश्वास’ नव्वद टक्क्यांच्या वर गेला. मी खूश. तक्ता केला, परिषदेत वाचला, टाळ्या घेतल्या. आपण विश्वास मोजलाच नव्हता, त्या माणसाची सावली मोजली होती, हे समजायला पुढे बरीच वर्षं गेली. तुम्ही निदान ४१ जणांकडे परत गेलात.

आता शब्दाकडे या. इंग्रजी मोजपट्टी आपण ‘विश्वास’ म्हणून उतरवतो आणि मोकळे होतो. गावात माणूस चार वेगवेगळ्या गोष्टी बोलतो. ‘साहेबांचा शब्द म्हणजे शब्द’, हा विश्वास. ‘अडल्यावर दार वाजवलं तर उघडतं’, हा भरवसा, आणि हे दोन एक नव्हेत. ‘त्यांना नाही कसं म्हणायचं’, ही भीड. ‘पोराला चिकटवलाय बँकेत’, हे मिंधेपण. प्रश्नावलीत चारही जण एकाच चौकटीत जाऊन बसतात. ४१ मुलाखतींच्या लेखी प्रती पुन्हा काढा आणि चार रंगांच्या पेन्सिली घ्या. एकाच माणसाच्या एकाच उत्तरात तीन-तीन रंग येतील. येऊ द्या.

आणि हे करताना तुमच्या एका गृहीतकाची जरा झडती घ्या. ३०० फॉर्म खोटे आणि ४१ बोलणी खरी, असं तुम्ही धरून चालला आहात. आजोबांचं वाक्य तुम्ही भीतीचं वाक्य म्हणून वाचलंत. असेलही. पण पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय की २०१३ च्या दुष्काळात चारा छावणीत साहेब रात्री अकराला बॅटरी घेऊन यायचे, पेंडेच्या पोत्यात हात घालून बघायचे, आणि वजनात मारलेल्या ठेकेदाराला त्यांनी सगळ्यांसमोर उभा केला होता. हे सांगणारेही तेच आजोबा. मग ‘जायचं कुठं’ याचा अर्थ ‘बांधलो गेलोय’ असा लागतो, तसा ‘याच्यासारखा दुसरा आहे कोण’ असाही लागतो. कदाचित त्यांना दोन्ही म्हणायचं असेल. आपली निम्मी सहकारी चळवळ याच दोन अर्थांच्या मधल्या पट्टीत वाढली. कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत काढली, पुढे लोणीला शेतकऱ्यांनी भाग भांडवल गोळा करून कारखाना उभा केला, तेव्हा लोकांनी पदरचे पैसे टाकले ते भिडेपोटी नव्हे. तोच साचा पुढे अनेक तालुक्यांत एका घराच्या मुठीत गेला, हेही खरं. तुमचे साहेब या प्रवासात कुठल्या थांब्यावर आहेत, हे चौथ्या प्रकरणानं सांगायला हवं. सध्या ते नुसतं बोट दाखवतं, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

‘कुठं’ या शब्दाला तर नकाशाच आहे. राज्यात दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटरचं हवाई अंतर लागतं. म्हणजे जवळपास दुसरा कारखाना निघणारच नाही याची सोय कायद्यातच आहे. ऊस तयार झाला, तुरा आला, आणि कारखान्याकडून तोड, म्हणजे तोडणीची पाळी, मिळाली नाही, तर पंधरवड्यागणिक वजन घटतं. तोडीची चिठ्ठी कुणाची कधी निघाली, हे तुमच्या वडिलांइतकं कोण सांगू शकेल? ‘साहेबांवर विश्वास आहे का’ हा प्रश्न सोडून ‘गेल्या हंगामात तोड कधी आली, त्यासाठी कुणाकडे जावं लागलं’ असं विचारून बघा. मतं विचारली की माणसं सावध होतात. प्रसंग विचारले की बोलत सुटतात. कारखान्यातल्या पॅनेलची निवडणूक चुरशीची होती त्या वर्षी तोडी वेळेवर आल्या का, एवढं एक जुळवून पाहिलंत तरी भरवसा आणि मिंधेपण वेगळं करायला हाताशी काहीतरी येईल.

आता विश्वासघाताबद्दल. तुम्ही दोन उमेदवार उभे केलेत, साहेब आणि सत्य. मला तिसरे दिसतात, ते ४१ जण. तुमच्या पत्रात ते पुरावा म्हणून येतात. ज्यांना धक्का लागू शकतो अशी माणसं म्हणून ते एकदाही येत नाहीत.

न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्याची गोष्ट आपल्या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावी अशी आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रकल्पासाठी आर्थर व्हिडिच तिथं राहिले, लोकांच्या घरी जेवले, चर्चमध्ये गेले. कुणाची ओळख उघड होणार नाही असा शब्द लोकांना दिलेला होता. १९५८ मध्ये त्यांचं आणि जोसेफ बेन्समन यांचं पुस्तक आलं. गावाचं नाव बदललेलं, पुढाऱ्यांची नावं बदललेली. पण गावचा कारभार चालवणारी चार माणसं कोण, हे गावात शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग ४ जुलैच्या मिरवणुकीत गावानं उत्तर दिलं. पुस्तकातली खोटी नावं लावून, मुखवटे घालून लोक गाड्यांतून निघाले, आणि मागून आली शेणखत पसरायची गाडी. तिच्यात खतावर वाकलेला एक पुतळा, लेखकाचा.

पुस्तक चांगलं होतं, अजून वाचतात. गावाचा रागही खोटा नव्हता. आणि तिथं निदान पुतळ्यावर भागलं. तुमच्या आजोबांना मिरवणूक काढावी लागणार नाही, त्यांची तोड फक्त तीन आठवडे लांबेल. प्रबंध जमा झाला की तो शोधगंगेवर, प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढणार, कुणीही कुठूनही वाचणार. ‘माजी सैनिक, चार एकर, मुलगा कारखान्यात रोजंदारीवर’ एवढं लिहिलंत की नाव घालायची गरजच उरत नाही. त्यामुळे सौम्य काही करायचंच असेल तर इथे करा. नुसतं नाव बदलून भागत नाही. वय, जात, जमीन, नोकरी यांतल्या दोनच गोष्टी एका वेळी ठेवा. एका माणसाची तीन अवतरणं तीन ठिकाणी विखरा. गावाचं नाव तर जाऊ द्याच, वाडी-वस्तीही ओळखू येऊ नये. कोण कुठला क्रमांक याची यादी कॉलेजच्या संगणकावर असेल तर आजच काढा. आणि मग परत जा. त्यांचं वाक्य त्यांना मराठीत वाचून दाखवा आणि विचारा, हे छापलं तर चालेल का? ‘नको’ म्हणाले तर काढून टाका, कितीही सोन्यासारखं असलं तरी.

तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी २००२ मध्ये बीबीसीवर व्याख्यानं दिली होती, याच विषयावर. लोकांचा विश्वास कसा वाढवायचा, या चिंतेत सगळे असतात. त्यांचं म्हणणं, आधी बघा की समोरचा विश्वासाला पात्र आहे का. ही कसोटी आपण पुढाऱ्यांना भराभर लावतो. संशोधकालाही ती लागते, हे तेवढं विसरून जातो.

साहेबांचंही तुम्ही काही देणं लागता. त्यांनी दोनदा वेळ दिला, फायली दाखवल्या. त्यांची बाजू त्यांच्या शब्दांत, नीट, तुमच्या टीकेच्या शेजारी आली पाहिजे. एवढं. वाढदिवस त्या देण्यात बसत नाही.

तुमच्या सरांचा सल्ला मी वाईट म्हणणार नाही. त्यांनी माणसं उपाशी राहिलेली पाहिलीत. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर १९१७ मध्ये म्युनिकला विद्यार्थ्यांसमोर बोलला होता, विद्वत्तेच्या धंद्याबद्दल. पैसेवाल्या घरचा नसेल त्यानं यात पडणं म्हणजे जुगार, असं त्यानं साफ सांगितलं. त्या काळी जर्मनीत नवख्या अध्यापकाला पगार नसायचा, विद्यार्थ्यांच्या फीवर भागवायचं. आपलं तासिका तत्त्व त्याचंच धाकटं भावंड: घेतलेल्या तासाचे पैसे, उन्हाळ्यात शून्य. आणि तुमच्यापेक्षा कमी वकुबाची माणसं वर्षानुवर्षं तुमच्या पुढे जाताना पाहणं सोसेल का, हेही त्यानं पोरांना विचारलं होतं. सात वर्षांनंतर ते तुम्हाला विचारायची गरज नाही.

पण ‘आधी कायम व्हा, मग लिहा’ यातला ‘मग’ मी ओळखतो. कायम झाल्यावर परिविक्षा, म्हणजे पारखण्याचा काळ, असतो. तो संपला की नॅक, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन. नॅक संपलं की परीक्षा विभाग, एनएसएसचं शिबिर, मुलाची दहावी. तेवढ्यात संस्थेत चार माणसं तुमची होतात आणि त्यांना दुखवायचं जिवावर येतं. माझ्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात १९८९ सालचं एक हस्तलिखित आहे, ‘कायम झाल्यावर’ म्हणून ठेवलेलं. कुणी धमकावलं नव्हतं हो, चहा पाजला होता.

तेव्हा माझं मत विचारलंत तर असं. मुलाखतीला जा. साहेबांची संस्था म्हणून त्या जागेला शिवू नये, असा सोवळेपणा मी सांगणार नाही. पगार सरकारी तिजोरीतून येणार असेल तर जागा जनतेची आहे. निवड समितीवर संस्थेचे अध्यक्ष असले तरी कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि विषयतज्ज्ञ असतात, आणि नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता लागते. जागा अनुदानित की विनाअनुदानित, ना हरकत आहे का, बिंदुनामावली (आरक्षणाचा तक्ता) तपासलेली आहे का, हे आधी कागदावर बघा. सात वर्षं राबलेले लोक हेच विचारायला लाजतात आणि तीन वर्षांनी कळतं की जागाच मंजूर नव्हती. कुणी पाकिटाची भाषा केली तर तो वेगळा विषय, आणि त्यावर माझं उत्तर लहान आहे: उठून या.

प्रबंध मात्र त्या जागेशी बांधू नका. शक्य असेल तर मुलाखतीआधी जमा करा. नसेल तर सहा वर्षांच्या मुदतीवर स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळते, ती कुठवर पुरते ते बघा. वेळ आहे म्हणून चौथं प्रकरण पातळ करायला नव्हे, दुरुस्त करायला वापरा. पद्धतीच्या प्रकरणात दोन पानं घाला: मी या संस्थेत शिकवते, माझे वडील कारखान्याचे सभासद आहेत, फॉर्म भरणारी मुलं याच कॉलेजची होती, आणि याचा उत्तरांवर परिणाम झाला असणार. बाहेरचा परीक्षक हाच प्रश्न विचारणार. तुम्ही आधीच लिहिलंत तर तो पुढचं विचारेल. जमलंच तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या मैत्रिणीला दहा-बारा घरी पाठवा, तुमच्याशिवाय. तिला वेगळी उत्तरं मिळाली तर तो तुमच्या प्रबंधाचा निष्कर्षच झाला.

पुस्तकाला नाही म्हणायचं, आणि लवकर म्हणायचं. वाढदिवसाचे फलक छापायला गेल्यावर नव्हे. बंगल्यावर सकाळच्या गर्दीत जाऊ नका, दुपारी जा, एकट्या. असं काही म्हणता येईल: ‘साहेब, तुम्ही वेळ दिलात म्हणून हा अभ्यास झाला. पण तुमच्या हस्ते पुस्तक निघालं तर लोक त्याला गौरवग्रंथ म्हणतील, आणि मग त्यात तुमच्याबद्दल जे चांगलं आहे त्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. विद्यापीठातून होऊ द्या, मग मीच प्रत आणून देते.’ हे खोटं नाही आणि उद्धटही नाही. चाळीस वर्षं राजकारणात काढलेल्या माणसाला गौरवग्रंथाची किंमत तुमच्यापेक्षा चांगली कळते. ऐकून ते गप्प बसले, तर गप्प बसू द्या. आणि त्या गप्पपणामुळे जागा गेली, तर ती गेली. मग पुण्याचं दीड वर्ष घ्या. त्या दीड वर्षात इंग्रजीत एक आणि मराठीत एक असे दोन लेख होतात, ‘समाज प्रबोधन पत्रिके’सारख्या ठिकाणी मराठी लेख वाचणारे लोक अजून आहेत, आणि आयसीएसएसआर या समाजशास्त्र संशोधन परिषदेच्या पोस्टडॉक्टरल फेलोशिपचा अर्ज करायला तालुक्यातल्या तासिकांपेक्षा ती जागा बरी. हप्त्याचं गणित मात्र मिस्टरांसोबत आताच, वहीवर करा. ते तारीख सांगतात याचा अर्थ त्यांनाही रात्री झोप लागत नाही.

वडिलांशी बोललात का? पत्रात त्यांचा ऊस आहे, ते नाहीत. तोड लांबली तर सोसणार आहेत ते. त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या वतीनं भ्यायचा आणि त्यांच्या वतीनं धाडस करायचाही हक्क तुम्हाला नाही. माझा अंदाज, ते तुमच्याइतके घाबरलेले नसतील. सभासद शेतकऱ्याला साहेब तुमच्याआधीपासून माहीत असतात.

आजोबांकडे मात्र दिवाळीआधी जाऊन या. एकदा तोडणी लागली की दुपारचं गावात कुणी सापडत नाही.